गर्भपात आणि पक्षांतली फूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या ओसरीवर दर शनिवारी संध्याकाळी दहा-पंधरा जण जमतात. मी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, म्हणून माझ्याकडे राजकारणाचे प्रश्न येतात. २०२४ च्या हिवाळ्यात, कापसाचा वेचा चालू असताना, अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या मोबाईलवर येत होत्या. त्यातून एका शेतकरी दादांनी पहिला प्रश्न विचारला. पुरुष मंडळी उठून गेल्यावर बाया मागे थांबल्या आणि त्यांनी पुढचे विचारले. त्यानंतर तेच प्रश्न इतक्या वेळा आले की मी ते उत्तरांसकट लिहून काढले. प्रश्न शक्य तिथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

"तिकडं पोट पाडण्यावरून इलेक्शन होते म्हणे. खरं हाय का मॅडम?"

खरं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २२ जानेवारी १९७३ रोजी 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून येतो असं ठरवलं. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयानं 'डॉब्ज' खटल्यात तो निकाल रद्द केला आणि प्रश्न एकेका राज्यावर सोपवला. तेव्हापासून तिथं राज्याराज्यांत वेगळा कायदा आहे. एका राज्यात जे उपचार म्हणून मिळतं, ते शेजारच्या राज्यात गुन्हा ठरतं. आमदार, राज्यपाल, खासदार निवडताना लोक हा मुद्दा बघतात.

म्हणजे एक पक्ष बाजूनं आणि एक विरोधात, इतकं सरळ आहे का?

आज लांबून तसं दिसतं. रिपब्लिकन विरोधात, डेमोक्रॅट बाजूनं. पण जुनी पानं उलटली की चित्र बदलतं, आणि मला हा सगळा विषय इथूनच शिकवावासा वाटतो.

१९७३ चा निकाल ७ विरुद्ध २ मतांनी लागला. बाजूच्या ७ न्यायाधीशांपैकी ५ रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक, बायरन व्हाइट, डेमोक्रॅट केनेडींनी नेमलेले होते. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियाचे राज्यपाल असताना रोनाल्ड रेगन यांनी गर्भपाताची मोकळीक वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली होती. हेच रेगन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते गर्भपातविरोधकांचा आधार म्हणून. तेव्हा कॅथलिक कामगारवर्ग बहुतांशी डेमोक्रॅट होता आणि त्याचा गर्भपाताला विरोध होता. शहरातले सुखवस्तू रिपब्लिकन कुटुंबनियोजनाच्या संस्थांना देणग्या देत. पक्ष आणि मत यांची आजची जोडी जमायला पुढची वीसेक वर्षं लागली.

ती जमताना माणसं भरडली गेली. पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल रॉबर्ट केसी डेमोक्रॅट होते आणि गर्भपाताचे कडवे विरोधक. १९९२ च्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना बोलू दिलं नाही. माझ्या मतांमुळेच दिलं नाही, असं ते म्हणत राहिले. पक्षातल्या इतरांनी कारण सांगितलं की त्यांनी उमेदवार क्लिंटन यांना पाठिंबाच दिला नव्हता. त्याच वर्षी त्यांच्या नावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यांच्या राज्यातल्या कायद्यातलं एक कलम असं होतं की लग्न झालेल्या बाईनं गर्भपाताआधी नवऱ्याला कळवलंच पाहिजे. न्यायालयानं नेमकं तेवढं कलम रद्द केलं. निकाल लिहिणारे तिघेही न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. नवऱ्याची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती आपल्या दवाखान्यात भेटणार आहे.

२००९ मध्ये ओबामांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर चर्चा चालू असताना बार्ट स्टुपॅक नावाच्या डेमोक्रॅट खासदारानंच दुरुस्ती आणली, की सरकारी पैसा गर्भपाताच्या विम्याला लागता कामा नये. स्वतःच्या पक्षाचे ६४ खासदार त्यांच्या बाजूनं गेले. आज त्या पक्षात असे खासदार एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मग आता तरी दोन्ही पक्ष एकजीव झाले असतील?

बिलकूल नाही. २०२२ नंतर फूट रिपब्लिकनांकडे सरकली. विरोध करणं सोपं होतं तोवर सगळे एक होते. प्रत्यक्ष बंदी घालायची वेळ आली तेव्हा किती आठवड्यांवर, बलात्कारपीडितेला सूट द्यायची का, बाईचा जीव जात असेल तर डॉक्टरनं किती थांबायचं, अशा एकेका प्रश्नावर पक्ष तुटत गेला. कॅन्सससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात २ ऑगस्ट २०२२ रोजी लोकांनी सुमारे ५९ टक्के मतांनी राज्यघटनेतून गर्भपाताचं संरक्षण काढायला नकार दिला. एप्रिल २०२४ मध्ये ट्रम्प म्हणाले की हा निर्णय राज्यांवर सोडा. त्यांचेच माजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स त्यावर उघड नाराज झाले.

मला सगळ्यात लागून राहिलेली गोष्ट दक्षिण कॅरोलायनाची आहे. ४६ जणांच्या तिथल्या सिनेटमध्ये २०२३ साली फक्त ५ बाया होत्या. ३ रिपब्लिकन, १ डेमोक्रॅट, १ अपक्ष. जवळपास संपूर्ण बंदीचं विधेयक आलं तेव्हा या पाचही जणी एकत्र आल्या, तासन् तास बोलत राहिल्या आणि त्यांनी ते अडवलं. त्या रिपब्लिकन तिघी गर्भपाताच्या उत्साही समर्थक होत्या असं नाही. बारा आठवड्यांची मर्यादा चालेल, असं म्हणणाऱ्याही त्यांच्यात होत्या. पुढच्या वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत कॅटरिना शीली, सँडी सेन आणि पेनरी गुस्टाफसन या तिघीही हरल्या. सिनेटमध्ये त्या पक्षाची एकही बाई उरली नाही. हे मी वाचनालयात सांगितलं तेव्हा आमच्या माजी सरपंच काकू कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पाचच व्हत्या, तरी उभ्या राह्यल्या न."

ती बेळगावची मुलगी आयर्लंडमध्ये वारली, तिचा यात काय संबंध?

फार जवळचा. सविता हलप्पनवार मूळची बेळगावची, दातांची डॉक्टर. नवऱ्याबरोबर आयर्लंडमध्ये गॉलवे शहरात राहायची. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ गळून पडायला लागला. वाचणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तिनं पुन्हा पुन्हा गर्भ काढून टाकायला सांगितलं. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर करता येत नाही, असं तिला सांगण्यात आलं. हा कॅथलिक देश आहे, असंही एका परिचारिकेनं म्हटलं. जंतुसंसर्गाचं विष अंगात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. ३१ वर्षांची होती.

आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ पासून आठवी दुरुस्ती होती. पोटातल्या जिवाचा आणि आईचा हक्क समान, असं त्यात लिहिलेलं होतं. सविता गेल्यावर देश हलला आणि तिथले पक्ष आतून चिरले. २०१३ मध्ये आईचा जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरती परवानगी देणारा कायदा आला. सत्ताधारी फिन गेल पक्षानं पक्षादेश काढला. मंत्री असलेल्या लुसिंडा क्रेटन यांनी तो मोडून विरोधात मत दिलं, मंत्रिपद घालवलं आणि पुढे वेगळा पक्ष काढला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकली. त्या वेळी फियाना फॉइल पक्षाचे नेते मिहॉल मार्टिन बाजूनं होते आणि त्यांचे निम्म्याहून जास्त लोकप्रतिनिधी विरोधात. मार्टिन यांनी प्रत्येकाला आपापल्या मनाप्रमाणे जायची मोकळीक दिली होती. शिन फेन पक्षानं ती दिली नाही. त्यांचे पेडार टोबीन विरोधात गेले, निलंबित झाले, आणि त्यांनी २०१९ मध्ये स्वतःचा पक्ष काढला.

एका कानडी-मराठी मुलखातल्या मुलीच्या मरणानं दूरच्या देशातले तीन पक्ष ढवळून निघाले. आपल्या मुलखात पोट पाडताना बाया मरतात तेव्हा ग्रामपंचायतीतही दोन गट पडत नाहीत. मला हे सहन होत नाही, म्हणूनही हे पान लिहिलं.

बाकी देशांत काय आहे?

थोडक्यात दोन. पोलंडमध्ये १२ जुलै २०२४ रोजी गर्भपाताला मदत करणाऱ्यांची शिक्षा काढणारं विधेयक २१८ विरुद्ध २१५ मतांनी पडलं, ते सत्ताधारी आघाडीतल्याच शेतकरी पक्षाच्या खासदारांमुळे. अर्जेंटिनात ३० डिसेंबर २०२० रोजी सिनेटनं ३८ विरुद्ध २९ मतांनी गर्भपात कायदेशीर केला, तिथं जवळपास प्रत्येक मोठ्या पक्षाचे सदस्य दोन्ही बाजूंना विखुरलेले होते.

"आपल्या इकडं काऊन बोलत नाही कोणी?"

हा प्रश्न एका पंचविशीच्या पोरानं विचारला. मला वाटतं त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, आपल्याला कायदा लढून मिळालेला नाही. १९६४ मध्ये केंद्र सरकारनं महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चोरून केलेल्या गर्भपातात बाया मरत होत्या, हे समितीनं मांडलं. डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. कुठं मोर्चा नाही, सार्वमत नाही. तेव्हा आमच्या भागातल्या बायांना हा कायदा झाल्याचं कळलंही नव्हतं. कायद्याची भाषा डॉक्टरची होती आणि सरकारच्या डोक्यात लोकसंख्या होती. 'बाईचा हक्क' हे शब्द त्यात नव्हते.

दुसरं, आपल्याकडे खासदाराला मनाप्रमाणे मत द्यायची सोय फार कमी आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. इंग्लंडमध्ये १९६७ चा गर्भपाताचा कायदा डेव्हिड स्टील या लिबरल खासदारानं खासगी विधेयक म्हणून आणला आणि सगळ्या पक्षांनी आपल्या खासदारांना मोकळं सोडलं. आपल्याकडे २०२० मध्ये लोकसभेनं आणि १६ मार्च २०२१ रोजी राज्यसभेनं कायद्यातली दुरुस्ती आवाजी मतदानानं मंजूर केली. विरोधी सदस्यांनी ती प्रवर समितीकडे, म्हणजे निवडक सदस्यांच्या समितीकडे पाठवायची मागणी केली होती, ती फेटाळली गेली. आवाजी मतदानात कोण काय म्हणालं याची नोंदच राहत नाही. तुमच्या खासदाराचं या विषयावर काय मत आहे हे तुम्हाला कळायला रस्ताच नाही.

तिसरं कारण नसबंदीचं आहे. त्याचं उत्तर खाली वेगळं देते.

"मले सांगा, गांधीजी या भानगडीत कायले पडले?"

आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट आहे. संततिनियमनाची प्रचारक मार्गारेट सँगर अमेरिकेतून डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटायला आली. बायांना वारंवार होणाऱ्या बाळंतपणातून सोडवायचं तर साधनं हवीत, असं तिचं म्हणणं. गांधीजींचं उत्तर संयम. बाईनं नवऱ्याला नाही म्हणायला शिकावं, असं ते म्हणत. दोघांचं जमलं नाही. हा वाद गर्भपाताचा नव्हता, गर्भ राहू न देण्याचा होता, एवढं लक्षात ठेवा. पण काँग्रेस त्यावरही दुभंगलेली होती. नेहरूंना संततिनियमन हवं होतं, आणि त्यांच्या अध्यक्षतेखालच्या नियोजन समितीनं पुढे त्याला पाठिंबा दिला.

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या विधानसभेत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. तो पडला. सभागृहात मोकळेपणानं हा विषय आणणारा पक्ष तो होता. आमच्या गावात दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारी पन्नासेक माणसं आहेत. त्यांतल्या एकालाही हे माहीत नव्हतं, आणि मलाही चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

आणीबाणीत काय झालं की पक्षांनी तोंडच मिटलं?

नसबंदीची सक्ती. महाराष्ट्रात तर १९७६ मध्ये विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. उत्तर भारतात नसबंदीच्या रागानं १९७७ मध्ये काँग्रेसची सत्ता गेली. तेव्हापासून बाईच्या पोटाचा विषय सभेत काढायचा नाही, हे सगळ्या पक्षांनी मनाशी धरलं. राग सक्तीवर होता. पुढाऱ्यांनी बोलणंच बंद केलं.

"तिसरं पोट्टं झालं तं सरपंचकी जाते, मंग पोट पाडाचं राजकारण नाही कसं म्हणता?"

हा प्रश्न माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रश्न असेल. विचारणारी चौथी शिकलेली आहे.

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर माणूस ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेवर राहू शकत नाही. आमदार-खासदाराला मात्र ही अट नाही. हा नियम सगळ्या पक्षांच्या सरकारांनी सांभाळला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये हरियाणाचा असाच नियम योग्य ठरवला.

आता गावात काय होतं ते सांगते. दोन मुली झालेल्या असतात. नवऱ्याला किंवा सासऱ्याला निवडणूक लढायची असते. बाईला दिवस जातात. मुलगा असेल तर मूल हवं, मुलगी असेल तर सदस्यत्व हवं, असा हिशेब तिच्या पोटावर होतो आणि तिला विचारलंही जात नाही. बाई स्वतः सदस्य असेल तर तिच्या विरोधातला गट तिच्या मुलांचे जन्मदाखले काढून आणतो. पोर नातेवाइकाच्या नावावर टाकल्याचंही मी पाहिलं आहे. गर्भपातावरून पक्षांत वाद नाही म्हणता म्हणता गर्भपात थेट निवडणुकीच्या अर्जाला जोडला गेलेला आहे. या नियमाच्या बाजूनं बोलणारी चांगली माणसं मला माहीत आहेत, जमिनीचे तुकडे पडताना त्यांनी पाहिलेत. पण ज्या अटीचा खर्च बाईच्या शरीरातून वसूल होतो, ती अट घालणाऱ्यांनी निदान तिच्यावर एकदा खुली चर्चा करावी.

गर्भपात बेकायदा आहे ना? भिंतीवर तर लिहिलेलं असतं.

भिंतीवर लिहिलेलं असतं ते लिंगनिदानाबद्दल. लिंगनिदान गुन्हा आहे. गर्भपात कायद्याच्या अटींत बसत असेल तर गुन्हा नाही. ही दोन्ही एकच आहेत असं आमच्या पट्ट्यात दहातले नऊ जण समजतात. 'भ्रूणहत्या' हा शब्द सगळ्याच गर्भपाताला चिकटवल्यामुळे हे झालं.

लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा देशात महाराष्ट्रानंच केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा. तरीही राज्यात ० ते ६ वयातल्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. विदर्भात बुलढाण्याकडे आकडा घसरलेला, तर गडचिरोली-गोंदियाकडे आदिवासी भागात चांगला.

पक्षांतली फूट आपल्याकडे उघड दिसली ती इथेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रात महिला व बालविकास मंत्री असलेल्या भाजपच्या मनेका गांधी म्हणाल्या की लिंगनिदानावर बंदी घालण्याऐवजी ते सक्तीचं करा, नोंद ठेवा आणि प्रत्येक गर्भावर लक्ष ठेवा. सरकारची अधिकृत भूमिका ही नव्हती. त्यांनाही ते स्वतःचं मत असल्याचं सांगावं लागलं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाच्या लोकलेखा समितीनं जवळपास तीच शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते गोंदियाचे तेव्हाचे काँग्रेस आमदार गोपालदास अग्रवाल. म्हणजे भाजपच्या मंत्री आणि काँग्रेसचे आमदार एका बाजूला, आणि दोन्ही पक्षांतले बाकीचे दुसऱ्या बाजूला. मला ती सूचना घातक वाटते. एकदा नोंद झाली की बाईच्या पोटावर अख्ख्या यंत्रणेचा पहारा बसेल, आणि ज्या घरात मुलगी नको आहे त्या घरात तिला काय सोसावं लागेल याची नोंद कुणीच ठेवणार नाही. पण निदान तो वाद झाला आणि नावानिशी झाला.

आज कायदा नेमका काय म्हणतो?

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ठराविक बायांनाच परवानगी आहे. अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. २४ नंतर गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीव वाचवायला तातडीनं करावा लागला तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतचा लाभ दिला. बाईचं नाव फोडणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

या चौकटीबाहेरचा गर्भपात अजूनही फौजदारी गुन्हाच आहे, आधी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत. डॉक्टर घाबरतात ते त्यामुळे. जानेवारी २०२२ मध्ये आर्वीच्या एका खासगी दवाखान्यातल्या गोबरगॅसच्या टाकीत कवट्या आणि हाडं सापडली. त्या प्रकरणानंतर कायद्यात बसणाऱ्या बायांनाही 'इथं होत नाही' हे उत्तर जास्त ऐकावं लागलं, असं मला बायांनी सांगितलं.

नवऱ्याची सही लागतेच ना?

नाही. बाई १८ वर्षांची असेल आणि मनानं ठीक असेल तर फक्त तिची संमती. नवरा, सासू, बाप, कुणाचीही सही कायदा मागत नाही. १९७१ पासून मागत नाही.

माझी आई आरोग्य सेविका होती, तीस वर्षं उपकेंद्रावर. १९९४ सालची गोष्ट ती अजून सांगते. पाचवं बाळंतपण झेपणार नाही म्हणून एक बाई तिच्याकडे आली. अंगात रक्त नव्हतं. आई तिला एसटीनं मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं नवऱ्याची सही आणा म्हणाले. कायद्यात लागत नाही, असं आईनं सांगितलं, तर तुम्ही आम्हाला कायदा शिकवता का म्हणाले. नवरा तेलंगणात मजुरीला गेला होता. दोघी परत आल्या. ती बाई नंतर गर्भ पाडायला कुणाकडून तरी काडी घालून घेऊन आली. जगली, पण पुन्हा कधी ताठ उभी राहिली नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये न्यायालयानं नवऱ्याचं कलम काढलं. आपल्याकडे ते कलम कधी नव्हतंच, आणि तरी आमच्या भागात ते आजही चालतं. ते चालवणारी माणसं सगळ्या पक्षांना मतं देतात.

मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या तर?

डॉक्टरला दाखवल्याशिवाय नको. गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत करता येतो आणि डॉक्टरच्या देखरेखीत तो सुरक्षित आहे. पण गर्भ नळीत असेल तर गोळ्या चालत नाहीत आणि जीव जाऊ शकतो. घरी घेतल्या असतील आणि रक्त थांबत नसेल तर लाज न धरता लगेच दवाखान्यात जा.

न्यायाधीशांचंही एकमत नसतं का?

नसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई २६ व्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. आधी परवानगी मिळाली. मग प्रकरण पुन्हा उभं राहिलं तेव्हा न्या. हिमा कोहली यांनी नकार दिला आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी बाईचा निर्णय मानला. दोघी बायाच. शेवटी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानं परवानगी नाकारली. हा वाद मी वर्गात शिकवते. दोन्ही बाजू वाचल्यावर मुलं तासभर भांडतात आणि एकमेकांची तोंडं पाहणं सोडत नाहीत. पक्षांनाही हे जमू शकतं.

धर्माचं काय?

आमच्या बैठकीत माळकरी आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, एक ख्रिस्ती मास्तर आहेत. पोट पाडणं पाप आहे असं मानणारे चारही ठिकाणी निघाले. आणि चारही ठिकाणी बायांनी आपापल्या आईची, जावेची, बहिणीची एक तरी गोष्ट सांगितली. ज्यांना ते पाप वाटतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मास्तरांचं आणि माझं यावर पटत नाही, पण दोघांनाही बाई काडी घालून मरू नये असं वाटतं. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर भरा, या निवेदनावर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

उमेदवार दारात आला तर काय विचारू?

तुमचं मत काय, एवढंच विचारलं तर तो हसून पुढे जाईल. नेमकं विचारा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे का? गर्भपाताची सेवा आठवड्यातून किती दिवस मिळते? नवऱ्याची सही मागणाऱ्या दवाखान्याला तुम्ही लेखी विचाराल का? दोन अपत्यांची अट आमदारालाही लावायची की सदस्याचीही काढायची, तुमचं म्हणणं काय? आणि तुमच्या पक्षाचं म्हणणं वेगळं असेल तर सभागृहात बोलाल का?

मागच्या प्रचारात आमच्या गल्लीतल्या सात जणींनी एका उमेदवाराला हे विचारलं. तो म्हणाला, "ताई, हा विषय तुम्ही बायाबायांत बोला." आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, बायाबायांत बोलूनच तुमच्याकडं आलो." तो दहा मिनिटं ओट्यावर बसला. पदाची माहिती काढून सांगतो म्हणाला, फोन नंबर लिहून घेतला. निवडून आल्यावर त्याचा फोन आला. पद रिकामंच होतं, त्यानं पत्र दिलं होतं, त्याची प्रत त्यानं वाचनालयात पाठवली. ती फळ्यावर लावलेली आहे. पुढच्या शनिवारी या, वाचायला मिळेल.